वारसाकर नसलेल्या देशात वारशाचा खर्च : हिबा, वसीयत आणि आयकर

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसाकराचा विषय निघाला आणि त्यानंतर काही दिवस आपल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांत दुसरे बोलणेच नव्हते. निवृत्तीला आलेले सहकारी घरे मुलांच्या नावावर करण्याच्या घाईला लागले. कोणी तोंडी हिबा केला, कोणी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर काहीतरी लिहून कपाटात ठेवले. नसलेल्या कराच्या भीतीने केलेले हे व्यवहार पुढे खऱ्या कराला आणि खऱ्या दाव्यांना निमंत्रण देऊ शकतात. प्रस्तुत लेखात त्यामागील कायदा, शरीअत आणि करव्यवस्था यांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. हा विषय वकिलांचा आहे हे मान्य. परंतु समाजात कागद वाचून दाखवण्याचे काम बहुधा शिक्षकाकडेच येते, म्हणून तो आपलाही आहे.

प्रथम इतिहास. भारतात वारसाकर होता. १९५३ च्या मालमत्ता शुल्क कायद्याने तो १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला आणि मोठ्या इस्टेटीच्या वरच्या टप्प्यावर त्याचा दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९८५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. उत्पन्न जेमतेम २० कोटींच्या घरात आणि वसुलीचा खर्च त्या मानाने फार, असे कारण त्यांनी दिले. १६ मार्च १९८५ रोजी वा त्यानंतर झालेल्या मृत्यूंना हे शुल्क लागत नाही. १९५८ चा दानकर १ ऑक्टोबर १९९८ पासून गेला आणि १९५७ चा संपत्तीकर २०१५ च्या वित्त कायद्याने गेला. म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाकडे, मुलीकडे वा पत्नीकडे जे आले त्यावर केवळ ते आले म्हणून सरकार काही मागत नाही.

त्या जुन्या कायद्यातील एक गोष्ट मात्र आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेले दान त्यात मृताच्या मालमत्तेतच धरले जाई. शिवाय दान कितीही जुने असले, तरी दात्याने त्या वस्तूवरचा ताबा आणि उपभोग पूर्णपणे सोडला नसेल तर तेही मालमत्तेत धरले जाई. ब्रिटनच्या आजच्या वारसाकरातही हाच नियम आहे : घर मुलाला दिले, पण बाप भाडे न देता तेथेच राहिला, तर कराच्या हिशेबात घर बापाचेच. हे वाचताना फिक्हच्या विद्यार्थ्याला चटकन कब्जाची अट आठवेल. ‘दिले’ म्हणणे वेगळे आणि सोडणे वेगळे, हा भेद करवसुली करणाऱ्यांनी महसुलासाठी केला; फकीहांनी तो कितीतरी शतके आधी देण्याघेण्याच्या सचोटीसाठी केला होता.

तोंडी हिब्याची स्वस्ताई

मुस्लिम कायद्याप्रमाणे हिब्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने देत असल्याचे जाहीर करणे म्हणजे ईजाब, घेणाऱ्याने स्वीकारणे म्हणजे कबूल, आणि प्रत्यक्ष ताबा म्हणजे कब्जा. लिखाणाची सक्ती नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२३ वे कलम स्थावराच्या दानाला नोंदणीकृत दस्त मागते. परंतु त्याच कायद्याच्या १२९ व्या कलमाने मुस्लिम कायद्याचा नियम अबाधित ठेवला आहे. हफीझा बीबी विरुद्ध शेख फरीद या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की तिन्ही अटी पूर्ण असतील तर हिबा कागदावर उतरवला एवढ्यावरून तो कागद नोंदणीकृत असलाच पाहिजे असे होत नाही.

येथेच आपल्या लोकांची गल्लत होते. नोंदणी नको म्हणजे मुद्रांक शुल्क नको, म्हणजे पैसे वाचले, असा सरळ हिशेब मांडला जातो. पैसे वाचतात हे खरे, आणि ते कायद्याने वाचतात. पण हिबा सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याला घर मिळाले त्याच्यावर येते, आणि ती येते तेव्हा देणारा कबरीत असतो. १९ डिसेंबर २०२४ रोजी मन्सूर साहेब विरुद्ध सलीमा या कर्नाटकातील जमिनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बापाने हयातीत मुलांमध्ये वाटणी करून देणे ही कल्पना मुस्लिम कायद्यात नाही. त्याच्या हयातीत मुलांना हक्कच नसतो, तर वाटणी कशाची? दुसरे, ज्याला हिबा म्हटले जात होते त्याच्या अटी सिद्ध झाल्या नव्हत्या. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘वडिलांनी हयातीत वाटून दिले’ असे सांगत उताऱ्यावर नावे चढवून घेण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती या निकालाच्या उजेडात तपासून पाहिली पाहिजे. उताऱ्यावर नाव चढणे म्हणजे मालकी मिळणे नव्हे. ती महसुलाची नोंद आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दोन साक्षीदारांसमोर थोरल्या मुलाला घर दिले. फातिहा झाला, मिठाई वाटली. पण घरपट्टी, वीजबिल आणि भाडेकरूच्या पावत्या शेवटपर्यंत मुख्याध्यापकांच्याच नावाने निघत राहिल्या. खालच्या दोन खोल्यांचे भाडेही तेच घेत. त्यांच्या पश्चात मुलींनी हिस्सा मागितला तेव्हा थोरल्याकडे दोन साक्षीदारांपैकी एकच उरला होता आणि तोही चौऱ्याऐंशी वर्षांचा. मुद्रांकाचे जे काही हजार वाचले होते, ते पहिल्या वर्षाच्या वकील-फीतच गेले. भावंडांचे बोलणे बंद झाले त्याचा हिशेब तर कोणत्याच न्यायालयात होत नाही.

आणि खरे म्हणजे ही बचत आज फारशी उरलेलीही नाही. जवळच्या नातेवाइकांना दिलेल्या मिळकतीवर अनेक राज्यांनी शुल्क अगदी कमी केले आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. भाऊ-बहिणींना ती सवलत तेवढी नाही. कर्नाटकात कुटुंबातल्या बक्षीसपत्राला बाजारभावाच्या टक्केवारीऐवजी गाव, नगर आणि महानगर यांप्रमाणे ठरावीक रक्कम घेतात. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी असते आणि हे आकडे अंदाजपत्रकागणिक हलतात, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या दिवशीचा दर विचारूनच हिशेब करावा. मतितार्थ असा, की हिबा शरीअतप्रमाणे तिन्ही अटींनी करावा आणि त्याचा दस्त कायद्याप्रमाणे नोंदवावाही. दोन्हींत विरोध नाही. नोंदणीने कब्जाची उणीव मात्र भरून निघत नाही : ताबापत्र, घरपट्टीवरील नाव, भाडेकरूला दिलेले पत्र, वीजजोडणीचा बदल या गोष्टी त्याच आठवड्यात व्हाव्यात.

‘बक्षीसपत्र’ हा शब्द कचेरीत ऐकताना आपल्या विद्यार्थ्यांना तो फारसीतून आला हे सांगावेसे वाटते. वारस, मयत, कबजा, दस्त, मिळकत हे शब्दही अरबी-फारसीतून मराठी कचेरीत आले. शब्द इतके मुरले आहेत, की ज्यांच्या घरात हिबा शब्द रोज वापरात आहे तेही बक्षीसपत्र म्हणजे काहीतरी परके समजून त्याला टाळतात.

वृद्धांची एक रास्त भीती राहते : सगळे देऊन टाकले आणि मुलाने घराबाहेर काढले तर? हिब्याला अट जोडली तर मुस्लिम कायद्यात सामान्यतः हिबा टिकतो आणि अट गळून पडते. त्यातून वाट अशी, की मूळ वस्तू आणि तिचा उपभोग, म्हणजे ऐन आणि मनाफे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवाझिश अली खान यांच्या १९४८ च्या प्रिव्ही कौन्सिल निकालात हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. मिळकत मुलाला देऊन भाडे आपल्या हयातीपर्यंत आपल्याकडे येईल अशी रचना जाणकाराकडून करून घेता येते. याखेरीज २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न केल्यास परत मिळू शकते. मध्य प्रदेशातील ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवले. मात्र २०२२ च्या एका निकालाप्रमाणे ती अट व्यवहारातच असावी लागते. ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढेच लिहिलेल्या दस्ताला हे कलम सहसा वाचवत नाही.

हिबा एकदा कब्जासह पुरा झाला की पती-पत्नींमधला किंवा विवाहास निषिद्ध अशा जवळच्या नात्यातला परत घेता येत नाही. आणि आजारपणातल्या हिब्याबद्दलही सावध असावे. ज्या आजारात माणूस जातो त्या मर्ज-उल-मौतमध्ये केलेला हिबा वसीयतीसारखाच धरला जातो. मग एक तृतीयांशाची मर्यादा लागते, आणि वारसाला दिलेले इतर वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. रुग्णालयात खाटेवर अंगठा घेण्याची जी धावपळ होते तिचे फळ बहुधा हेच.

खरा कर कोठे लागतो

वारसाकर नाही म्हणून आयकराचा संबंध नाही असे नव्हे. तो तीन जागी उभा असतो. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा १९६१ च्या कायद्याच्या जागी येत असल्याने कलमांचे क्रमांक येथे देत नाही, पुढील तत्त्वे दोन्हींत तीच आहेत.)

पहिली जागा घेणाऱ्याची. वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचे दान परक्याकडून मिळाले तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. ‘नातेवाईक’ आणि वारसा किंवा वसीयत यांतून आलेले मात्र मोकळे. आता नातेवाईक कोण हे घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात, आणि मौज येथे आहे. काकाने पुतण्याला घर दिले तर पुतण्याच्या दृष्टीने काका हा वडिलांचा भाऊ. यादीत आहे, कर नाही. पुतण्याने काकाला दिले तर काकाच्या दृष्टीने पुतण्या यादीत नाही; कर लागतो. चुलत-मावस भावंडे एकमेकांच्या यादीत नाहीतच. शरीअतप्रमाणे पुतण्या किंवा चुलत भाऊ असबा म्हणून वारस होऊ शकतो. तेव्हा मृत्यूने आलेले घर करमुक्त आणि हयातीत दिलेले घर करपात्र, असा फरक पडतो. निकाहाच्या प्रसंगी नवरा-नवरीला मिळालेल्या भेटी कोणाकडूनही आलेल्या असोत, त्या मोकळ्या आहेत.

या नियमाचा कायदेशीर उपयोग सर्वांत जास्त कोणाला? ज्यांनी परक्याचे अनाथ मूल वाढवले त्यांना. दत्तक मूल मुस्लिम कायद्यात वारस होत नाही. शबनम हाश्मी यांच्या २०१४ च्या निकालानंतर बालन्याय कायद्याखाली दत्तक घेण्याचा मार्ग खुला असला, तरी आपल्याकडे बहुतेक मुले विनाकागद वाढवली जातात. अशा मुलाला ३० लाखांचे घर हयातीत हिबा केले तर ते ३० लाख त्या मुलाचे त्या वर्षीचे उत्पन्न ठरू शकते. तेच घर वसीयतीने, एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत बसवून दिले, तर एक पैसाही आयकर नाही. मूल बहिणीचे किंवा मेव्हणीचे असेल तर मामा किंवा मावशीचा नवरा म्हणून हिबाही मोकळाच. या विषयात नात्याची वही समोर ठेवूनच कागद करावा.

दुसरी जागा देणाऱ्याची. पत्नीला, अज्ञान मुलाला किंवा सुनेला मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली तर तिचे भाडे किंवा अन्य उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. (ठेवीच्या व्याजाचा शरई प्रश्न येथे बाजूला ठेवू.) सज्ञान मुलगा, सज्ञान मुलगी किंवा आईवडील यांना दिले तर तसे होत नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या प्राध्यापकाने भाड्याचा गाळा स्वतःचे फारसे उत्पन्न नसलेल्या सज्ञान मुलीला खरोखर दिला, तर भाड्यावरचा कर तिच्या दराने लागेल. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. भाडे तिच्या खात्यात गेले पाहिजे आणि तिने ते खर्चही केले पाहिजे. हिंदू एकत्र कुटुंब ही करवाचवणीची सोय आपल्याला नाही. त्याचे दुःख करत बसण्यापेक्षा जे आहे ते नीट वापरावे.

तिसरी जागा विक्रीची, आणि मोठ्या रकमा येथे जातात. वारशाने किंवा हिब्याने मिळालेले घर विकले की भांडवली नफ्याचा हिशेब करताना तुमच्या हाती आले त्या दिवसाची किंमत धरत नाहीत. ज्या मूळ मालकाने ते विकत घेतले त्याची किंमत धरतात. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजार-किंमत घेण्याची मुभा आहे. उदाहरण घेऊ. वडिलांनी १९९० साली घर घेतले, १ एप्रिल २००१ रोजी त्याची किंमत ६ लाख होती, २०१५ साली वडील वारले तेव्हा ४० लाख, आणि मुलाने २०२५ च्या मे महिन्यात ते ७० लाखांना विकले. पुष्कळजण नफा ३० लाख समजतात. तो ६४ लाख आहे. २३ जुलै २०२४ पासूनच्या १२.५ टक्के दराने त्यावर ८ लाख रुपये होतात. जुन्या मिळकतींना महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही मिळतो. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर ६ लाखांचे २२.५६ लाख होतात, नफा ४७.४४ लाख आणि कर ९.४९ लाखांच्या जवळ. येथे पहिला पर्याय स्वस्त. घराची वाढ कमी आणि मुदत लांब असेल तर दुसरा. दोन्हींवर उपकर वेगळा.

यात बचतीचे सरळ मार्ग आहेत. १ एप्रिल २००१ च्या किमतीचा नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला आजच काढून ठेवणे हा पहिला. ती किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक-मूल्याच्या वर जाऊ शकत नाही, पण कित्येकजण दाखलाच नसल्याने याहून पुष्कळ कमी रक्कम धरून बसतात. दुसरा असा, की वारसा अनेकांत विभागला असेल तर नफाही प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे विभागतो आणि प्रत्येक जण स्वतःच्या हिश्शाने दुसरे घर घेऊन किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे विशिष्ट सरकारी रोखे घेऊन स्वतंत्र सवलत मिळवू शकतो. म्हणजे बहिणींना त्यांचा शरई हिस्सा प्रामाणिकपणे दिलेल्या कुटुंबाचा एकूण कर अनेकदा कमीच होतो. ज्याने सगळे घर स्वतःच्या नावावर घेतले त्याला सगळा नफाही एकट्याला दाखवावा लागतो.

हिस्सा आणि हक्कसोड

मृत्यूनंतर प्रथम दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि उरलेल्याचे हिस्से, हा क्रम सर्वांना तोंडपाठ आहे. मात्र कर्जात न दिलेला महर येतो हे सोयीस्करपणे विसरले जाते. समजा एका प्राध्यापकाच्या मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे आणि कर्ज व महर फेडून ६० लाख उरले. पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा. उरलेले मुलांत दोनास एक या प्रमाणात. १२० भाग केले तर पत्नीला १५, आईला २०, प्रत्येक मुलाला ३४ आणि मुलीला १७. रुपयांत पत्नीला साडेसात लाख, आईला १० लाख, मुलांना १७-१७ लाख आणि मुलीला साडेआठ लाख. मृत्यूच्या क्षणीच हे हिस्से ठरतात. वारस-फेरफार होईपर्यंत थांबत नाहीत.

व्यवहारात मुलीच्या साडेआठ लाखांचे काय होते ते आपण सारे जाणतो. तलाठ्याच्या किंवा सिटी सर्व्हेच्या कचेरीत वारसनोंद करताना तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. नाममात्र मुद्रांकात होणारा हा दस्त वाचवणुकीचा मार्ग म्हणून सांगितला जातो, आणि कायद्याने तो आहेही : समजून-उमजून, स्वखुशीने हिस्सा सोडता येतो. पण वडील हयात असताना ‘पुढे हिस्सा मागणार नाही’ असे लिहून घेतलेला कागद मुस्लिम कायद्यात निरर्थक आहे, कारण तेव्हा सोडण्यासारखा हक्कच नसतो. १९७३ च्या गुलाम अब्बास यांच्या निकालाप्रमाणे अपवाद तेवढा असा, की त्या बदल्यात तिने खरोखर मोबदला घेतला असेल तर वर्तनामुळे ती पुढे मागू शकत नाही. हयातीत एका मुलाला सर्व काही हिबा करून मुलींना कोरडे ठेवणे कायद्याने शक्य आहे हे नाकारता येत नाही. परंतु नुअमान बिन बशीर यांची बुखारी व मुस्लिम दोन्हींत आलेली हदीस, ज्यात एकाच अपत्याला दिलेल्या देणगीला साक्षीदार होण्यास पैगंबर साहेबांनी नकार दिला, ती आपल्या दीनियातच्या तासाला शिकवली जाते. तास संपल्यावर ती आपण वर्गातच ठेवून येतो.

याहून अवघड प्रश्न अनाथ नातवंडांचा. मुलगा बापाआधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर हनफी नियमाप्रमाणे मृत मुलाच्या लेकरांना आजोबांच्या तरक्यात हिस्सा नाही. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने त्यांना बापाचा हिस्सा दिला. भारतात तसा कायदा नाही. येथे आजोबांचा हात धरून वसीयत लिहून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानावे. दुसरा मुलगा हयात असताना ही नातवंडे वारस नसल्यामुळेच त्यांना एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ६० लाखांपैकी २० लाखांपर्यंत, वसीयत करता येते आणि चुलत्याची संमती लागत नाही. आयकर नाही आणि हयातीतला ताबाही जात नाही. मुसलमानाच्या वसीयतीला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ती साध्या कागदावर चालते, पण दोन साक्षीदार आणि नोंदणी असावी. शियांमध्ये एक तृतीयांशापर्यंत वारसालाही संमतीविना वसीयत होते. ज्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले आहे त्यांचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, हे तरुण सहकाऱ्यांना अनेकदा ठाऊक नसते.

वक्फ-अलल-औलादचा मार्ग काहीजण सुचवतात. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो बंद केला, मौलाना शिब्लींसारख्यांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि जिनांच्या विधेयकामुळे १९१३ च्या कायद्याने तो पुन्हा उघडला, असा त्याचा इतिहास मोठा आहे. परंतु २०२५ च्या दुरुस्तीने अशा वक्फामुळे स्त्रियांसह कोणाही वारसाचा हक्क डावलता येणार नाही असे घातले आहे, आणि एकदा वक्फ केलेले परत येत नाही. मध्यमवर्गीय प्राध्यापकाच्या एका घरासाठी तो मार्ग नव्हे.

गोव्याची वेगळी वाट

बेळगावकडच्या कित्येक कुटुंबांच्या मुली मडगाव, फोंडा, वास्को येथे दिल्या आहेत. गोव्यात १९३७ चा शरीअत कायदा लागू नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवरून आलेला वारसाहक्क मुसलमानांनाही लागतो, आणि आता त्याचे रूप २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहे. तेथे सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक. एक वारला की निम्मे आधीच हयात जोडीदाराचे. मृताच्या निम्म्यापैकी अर्धे मुलांना सक्तीने आणि सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. उरलेल्या अर्ध्याचीच वसीयत किंवा दान. मृत मुलाची लेकरे बापाच्या जागी उभी राहतात. हयातीत एका मुलाला दिलेले वाटणीच्या वेळी हिशेबात परत धरले जाते. तेव्हा गोवेकर नात्यात तोंडी हिब्याच्या भरवशावर बसणे किंवा पत्नीच्या सहीविना घर देणे धोक्याचे आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या कुटिन्हो निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या अधिवासी माणसाच्या गोव्याबाहेरील मिळकतीलाही हाच कायदा लावला. म्हणजे गोवेकर जावयाचे बेळगावातील घर कोणत्या नियमाने वाटले जाईल, हे बेळगावच्या रूढीवरून ठरवू नये.

ज्यांची मुले ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत त्यांच्यासाठी एवढेच, की तेथे वारसाकर खरोखर आहे : ३,२५,००० पौंडांच्या वर साधारणपणे ४० टक्के, पती-पत्नींमध्ये सामान्यतः सूट, आणि देणारा सात वर्षे जगला तर हयातीतले निखळ दान मोकळे. मुलाने तेथील घराचा कागद करताना इथल्या मौलवी साहेबांबरोबर तिथल्या वकिलालाही विचारावे.

शेवटी भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि बँक खाते. अर्जावर नामनिर्देशित व्यक्ती म्हणून पत्नीचे किंवा मुलाचे नाव असले म्हणजे ती रक्कम त्यांची झाली, असे समजून वसीयतच न करणारे पुष्कळ आहेत. सरबती देवी यांच्या १९८३ च्या निकालापासून न्यायालये सांगत आली आहेत की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते आणि वारसांच्या वतीने सांभाळते. शेअरच्या बाबतीत १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले यांचे नामनिर्देशन झाले असेल तर लाभ सामान्यतः त्यांचाच असतो. सेवापुस्तिकेतील नामनिर्देशन लग्नाआधीच्या आईच्या नावावर राहून गेलेले किती सहकारी आहेत हे कार्यालयात एकदा विचारून पाहावे. आमच्या विभागात अकरांपैकी चार निघाले.